रुपयाचा अभ्यासक आणि सॉलिसिटरची पायरी

बाबासाहेबांच्या वकिलीबद्दल आपल्या भाषणांत दोनच गोष्टी हमखास ऐकू येतात. ते बॅरिस्टर होते आणि गोरगरिबांच्या केसेस लढत होते. दोन्ही गोष्टी खऱ्याच. पण आम्हाला बरेच दिवस एक वेगळा प्रश्न सतावतो आहे. ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली, प्रांतिक अर्थकारणावर ग्रंथ लिहिला, १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे चलनाविषयी साक्ष दिली, त्याच्याकडे मुंबईच्या बँका, विमा कंपन्या, कापसाचे व्यापारी आपले दावे घेऊन का आले नाहीत? शहरात पैशांचे भांडण मुबलक होते आणि पैसा म्हणजे काय हे या माणसाइतके समजणारे वकील हायकोर्टात फार नसावेत.

याचे उत्तर सनद मिळण्याआधीच मिळून गेले होते. बडोद्याहून १९१७ साली अपमानित होऊन परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी कंपनी काढली होती. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकीकत आहे. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. सल्ला चुकला अशी तक्रार कोणाची नव्हती. मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी सांगतो. बाजारालाही जात दिसते.

मग १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ साली मुंबई हायकोर्टाची सनद. ती काढायलासुद्धा नवल भथेनांसारख्या मित्राचा हात लागला. इथे हायकोर्टाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण जात कुठल्या दारात उभी होती ते तिच्यातच दिसते. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला दाखल होत. भागीदारी मोडली, जहाजातला माल बुडाला, हुंडी वटली नाही, ट्रस्टच्या पैशात घोळ झाला, असे सगळे. तिथे अशिलाने बॅरिस्टरकडे सरळ जायचे नाही. आधी सॉलिसिटर गाठायचा, त्याने कागद तयार करायचे आणि मग कोणत्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायची ते ठरवायचे. या फर्म होत्या युरोपियनांच्या, पारशांच्या, गुजराती आणि इतर उच्चवर्णीय हिंदूंच्या. ब्रीफ फिरायची ती घरोब्यातून, जेवणाच्या पंगतीतून. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्याशी बसून मसलत कोण करणार? कायद्यात कुठेही असे लिहिलेले नव्हते की अस्पृश्याला ब्रीफ देऊ नये. लिहायची गरजच नव्हती.

म्हणून बाबासाहेब अपिलेट साइडला वळले. जिल्ह्या-तालुक्यांच्या कोर्टातून येणारी अपिले तिथे चालत आणि अशील थेट वकिलाकडे येऊ शकत असे. परळच्या दामोदर हॉलमधल्या कार्यालयात माणसे यायची ती फीची थैली घेऊन नव्हे. संसार चालवायला दुसरी नोकरी लागलीच. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले. विषय कोणता? व्यापारी कायदा! म्हणजे करार, भागीदारी, हुंडी यांचा कायदा ते मुलांना शिकवत होते आणि त्याच कायद्याचे मोठे खटले त्यांच्या टेबलावर येत नव्हते. आमच्या मते त्यांच्या वकिलीच्या इतिहासातला हा सर्वांत बोचरा तपशील आहे. जयंतीच्या बॅनरवर तो कधी दिसत नाही.

नाव झाले ते वेगळ्या खटल्यांनी. 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची अपिलात सुटका, 'समाजस्वास्थ्य'साठी र. धों. कर्व्यांचा बचाव (तो हरले, पण घेतला). यांवर बरेच लिहिले गेले आहे. आम्हाला थांबायचे आहे ते महाडजवळ.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो, चवदार तळ्याचा दिवाणी दावा फार थोडे जाणतात. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी दावा लावला. प्रतिवादींत बाबासाहेब. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम. नीट पाहिले तर हा मालमत्तेचा दावा होता. चार-पाच एकरांचे ते तळे कोणाच्या मालकीचे, आणि इतरांना तिथून दूर ठेवण्याचा हक्क वहिवाटीने मिळतो का, हा मुद्दा. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावनेला हात घालण्यापेक्षा सर्व्हेचे उतारे, नगरपालिकेचे ठराव, तळ्याचे वय, वहिवाटीचा पुरावा यांवर भर दिला. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, ८ जून १९३१ ला निकाल आपल्या बाजूने लागला, ठाण्याचे अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड यांनी तोच निकाल कायम केला. तळे नगरपालिकेकडे आहे आणि वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. सव्वानऊ वर्षे! एखाद्या गिरणीमालकाच्या दाव्यावर घेतली असती तितकीच मेहनत पाण्याच्या ओंजळीसाठी घेतली गेली.

अर्थात एक खंतही आहे. त्या निकालाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली नाही. वादींचा पुरावा कमी पडला, एवढेच. अधिक भक्कम पुरावा आणला असता तर? वहिवाटीच्या भरवशावर राहता येत नाही हे बाबासाहेबांना पुरते कळले असणार.

खोतीचेही तसेच. कोकणात कुळाच्या घामातून खोताचा वाटा निघत होता, १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला होता. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेव्हा त्यात खोतांना वाजवी भरपाईचीही तरतूद ठेवली. काही डाव्या मित्रांना ती खटकते. आम्हाला त्यात दिवाणी वकिलाची नजर दिसते. प्रतिपक्षाचा पहिला युक्तिवाद काय असेल हे ओळखून तो आधीच बोथट केलेला.

आता आजचे. ओरिजिनल साइडची ती दुहेरी पद्धत १९७६ च्या कायदेदुरुस्तीनंतर गेली. २०१५ पासून व्यापारी न्यायालये आली, २०१६ पासून दिवाळखोरीचा नवा कायदा. पैशांच्या खटल्यांचे केवढे मोठे क्षेत्र उघडले आणि आपली मुले तिथे किती दिसतात? आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी एलएल.बी. झाल्यावर फोर्टातल्या एका फर्ममध्ये इंटर्नशिपसाठी गेली. मुलाखतीत करार कायद्यावर एक प्रश्न विचारला गेला, 'पूर्ण नाव काय' हा दोनदा.

चळवळीतले काहीजण म्हणतात, कंपन्यांची वकिली आपले काम नव्हे, आपण अॅट्रॉसिटीच्या केसेस लढाव्यात. त्या लढायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याला आपल्या वस्तीची लूटही वाचता येत नाही. आमच्याच वस्तीत एक पतपेढी बुडाली. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या ठेवी गेल्या, आणि एमपीआयडी कायदा म्हणजे काय हे सांगायला आम्हाला आठवडाभर वकील सापडेना.

शेवटी त्या मुलीनेच फाईल घेतली. सत्तेचाळीस पासबुके तिने जमिनीवर पसरली आणि नोंदी जुळवत बसली. इंटर्नशिप मिळाली नव्हती, त्यामुळे वेळ होता.