हौस, पोट आणि संध्याकाळचा वर्ग

मोठ्या वयात चित्रकला शिकणं म्हणजे निवृत्तांची हौस, असं आपण धरून चालतो. ही समजूत जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या खोलीचं वर्णन येतं. तिथे वीणा आहे, चित्रफलक आहे आणि रंगकुंच्यांची पेटीही आहे. हा नागरक काही चित्रकार नव्हे. त्याच्याकडे पैसा आहे, फुरसत आहे, म्हणून त्याच्याकडे कला आहे.

मुंबईत मात्र गंमत झाली. १८५७ साली जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे. जे. स्कूल सुरू झालं, ते इथल्या कारागिरीला वळण लावावं म्हणून. पुढे १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना आला. त्यामागोमाग ब्लॉक बनवणारे स्टुडिओ, जाहिराती, सिनेमा. शहराला चित्र काढणारे हात हवे होते. पण पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याने शिकायचं कधी? ही गरज खाजगी वर्गांनी भागवली. केतकरांच्या संस्थेत म. रा. आचरेकर शिकले, तेच पुढे १९५१च्या ‘आवारा’चे कलादिग्दर्शक. दंडवतीमठांच्या नूतन कला मंदिरातून हेब्बर जे. जे.मध्ये गेले.

सय्यद हैदर रझांचं उदाहरण तर बोलकं आहे. मुंबईत आल्यावर दिवसा ते एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत आणि संध्याकाळी मोहन आर्ट क्लबमध्ये शिकत. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये त्यांच्या शेजारी आरा होते, ज्यांनी मोटारी धुण्याचं काम केलं होतं. म्हणजे बघा, आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मोठा प्रवाह फुरसतीतून आला नाही, कामावरून सुटल्यानंतरच्या दोन तासांतून आला.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. हौस आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? आम्हाला तसं वाटत नाही. ब्लॉक स्टुडिओतला नोकरदार संध्याकाळी कोरा कागद समोर घेतो, तेव्हा दिवसभर दुसऱ्यासाठी वापरलेली नजर तो स्वतःकडे परत घेत असतो. प्रमाणपत्र मिळो न मिळो, हा लाभ खराच.

आम्हा निवृत्तांकडे आज नागरकाची फुरसत आहे. दुपारचे वर्ग आम्हाला सोयीचे, आणि ते भरतातही. पण लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांमधून रात्री आठला सुटणाऱ्या मुलीचं काय? तिला हौस नाही, असं कुणी म्हणू नये. तिच्या वेळेला उघडं दार नाही, एवढंच. शाळांच्या खोल्या रात्री रिकाम्याच असतात. एखादी उघडायला काय हरकत आहे?