पेणची पोटगी, रोह्याची पोटगी
१२. ‘पेणची आणि रोह्याची पोटगी’ : एक मूल पेणला आईकडे, दुसरे रोह्याला आजीकडे, म्हणून हे दोन हिशेब. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४) पोटगी मुलाची. ती कोणाच्या हाती द्यायची, हे न्यायदंडाधिकारी सांगतात. ठरीव सूत्र नाही. बापाची ऐपत आणि मुलाची गरज पाहून आकडा ठरतो. समजा, दरमहा पेणला ४,००० व रोह्याला ३,००० रुपये ठरले आणि तीन महिने थकले, तर येणे १२,००० आणि ९,०००, असे वेगवेगळे मांडावे. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. मूल पेणहून रोह्याला राहायला गेले, तर आदेशात बदल मागता येतो.