विषाचें औषध : सुरकुत्यांवरील सुईचा इतिहास

पनवेलजवळचें खारघर काय किंवा मुंबई-पुणें काय, सुशिक्षित घरांतून आज सुरकुत्या घालविणाऱ्या सुईची चर्चा कानीं पडते. कोणी तिला निव्वळ विष म्हणतो, तर कोणी तारुण्याचें अमृत. या वादाचा निवाडा तिच्या इतिहासांतच सांपडतो.

ती विषापासून निघाली हें खरें. १८२० च्या सुमारास जर्मनींत बिघडलेलें सॉसेज खाऊन लोक मरत. युस्टिनुस केर्नर या कविवृत्तीच्या वैद्यानें त्या रोग्यांचें बारकाईनें वर्णन केलें, आणि हेंच विष अल्प मात्रेंत अनावर स्नायूंना शांत करील, असें भाकित केलें. पुढें १८९५ सालीं बेल्जियममधील एका खेड्यांत अंत्यविधीस आलेल्या वादकांनीं खारविलेलें मांस खाल्लें व त्यांतील तिघे दगावले. त्या मांसांतून व्हॅन एर्मेंगेम यांनीं विष निर्माण करणारा जंतु शोधून काढला.

केर्नरचें भाकित खरें ठरण्यास मात्र दीडशें वर्षें लागलीं. अमेरिकन नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनीं तें विष शुद्ध स्वरूपांत तिरळेपणावर वापरलें. १९८९ मध्यें तेथील सरकारनें त्यास मान्यता दिली. पापण्यांच्या आकड्यांवर तोच उपचार करितांना कॅनडांतील जीन कॅरुथर्स यांना रोग्यांच्या कपाळावरील आठ्याहि मावळलेल्या दिसल्या. त्वचातज्ज्ञ असलेले त्यांचे पति ॲलिस्टर यांच्यासह त्यांनीं १९९२ मध्यें हा अनुभव प्रसिद्ध केला. आठ्यांसाठीं अमेरिकेंत परवानगी मिळाली ती २००२ मध्यें.

आतां गैरसमज पाहूं. विष तें औषध कसें? आपले वैद्यहि बचनाग शोधन करूनच औषधांत घालतात. सारें मात्रेवर अवलंबून. भिवयांमधील आठ्यांस लागणारी मात्रा घातक मात्रेचा अगदीं लहान अंश असते. दुसरा समज असा कीं, ही सुई त्वचा भरून काढते. तसें नाहीं. मज्जातंतूकडून स्नायूस जाणारा संदेश ती अडविते, म्हणून स्नायु सैल पडतो. हंसतां-रागावतां पडणाऱ्या रेषांवर तिचा प्रभाव चालतो. उन्हानें किंवा वयानें सैल झालेल्या कातडीवर फारसा नाहीं. गुण कांहीं दिवसांनीं येतो व तीन-चार महिन्यांत ओसरतो. सुई थांबविली म्हणजे सुरकुत्या पूर्वीपेक्षां वाढतात, हीहि निराधार भीति होय. चेहरा केवळ पूर्वस्थितीवर येतो.

परंतु "यांत धोका मुळींच नाहीं" हा समज सर्वांत घातक. सुई चुकली तर पापणी कांहीं आठवडे लोंबते. क्वचित् विष पसरून गिळण्यास वा श्वासास त्रास होतो. तेव्हां तत्काळ रुग्णालय गांठावें. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व स्नायुदौर्बल्याचे रोगी यांनीं ती टाळावी. स्वस्ताईच्या मोहानें अनधिकृत हातीं चेहरा देऊं नये. औषधाचें नांव, मात्रा व टोंचणाऱ्याची पदवी विचारण्यांत संकोच कसला? ज्या विषाला औषध बनविण्यास विद्वानांना दीड शतक खपावें लागलें, तें निष्काळजी हातीं पुन्हां विषच होतें.