घरात पोपट पाळणे गुन्हा आहे का? कायदा नेमके काय सांगतो

ओसरीत टांगलेला पिंजरा, त्यात हिरवी मिरची कुरतडणारा मिठू आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवले जाणारे 'विठू विठू'. वर्धा जिल्ह्यातले नाचणगाव असो, शेजारचे पुलगाव असो की नागपूरसारखे शहर, हे चित्र कुणाला वावगे वाटत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र तो पोपट त्या घराचा नाहीच. तो सरकारी मालमत्ता आहे आणि त्याला घरात ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 या कायद्यामुळे. डिसेंबर 2022 मध्ये संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. पूर्वी सर्वसाधारण गुन्ह्याला 25 हजार रुपयांपर्यंत दंड होता, तो 1 लाखापर्यंत गेला. प्राण्यांच्या यादीही नव्याने लावल्या गेल्या. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत: वाघ, बिबट्या, काळवीट, मोर वगैरे. त्यांच्याबाबतचा गुन्हा असेल तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा, गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे.

"पण आम्ही तो पकडला नाही, बाजारातून विकत घेतला" हे उत्तर नेहमी ऐकू येते. त्याने सुटका होत नाही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे, त्यामुळे ती खरेदीच बेकायदा ठरते. पिल्लू ढोलीतून काढणाऱ्याचा गुन्हा वेगळा. कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. पिंजरा नाही, पोपट घरभर मोकळा फिरतो, यानेही काही बदलत नाही. 'आजोबांच्या काळापासून पाळतो' असे म्हणणाऱ्यांसाठी 2003 मध्ये सरकारने वन्यप्राणी जाहीर करण्याकरता 180 दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली.

सापडलेले पिल्लू आणि 48 तास

खरी गफलत होते ती दया दाखवताना. वादळात झाड पडते आणि ढोलीतली पिल्ले खाली येतात. शेतात कापणीच्या वेळी हरणाचे पाडस किंवा रानससा सापडतो. उचलून घरी आणणे हा माणुसकीचा भाग झाला. पण कायद्याचे कलम 39 सांगते की वन्यप्राणी कोणत्याही मार्गाने ताब्यात आला तरी 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवायचे, आणि मागितल्यास तो त्यांच्या हवाली करायचा. म्हणजे वाचवणे गुन्हा नाही, वाचवून गप्प बसणे गुन्हा आहे. (पिंजऱ्यातला पांढरा ससा पाळीव जातीचा असतो, त्याला हा कायदा लागत नाही. शेतातला मातकट रानससा मात्र संरक्षित आहे.)

2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमेठीत नेमके हेच घडले. एका तरुणाने जखमी सारस पक्ष्याची शुश्रूषा केली. बरा झालेला सारस त्याला सोडून जाईना, त्याच्या गाडीमागे उडत येई. व्हिडिओ देशभर पसरले आणि मग वनविभागाने सारस ताब्यात घेऊन त्या तरुणाला नोटीस बजावली. लोकांची सहानुभूती तरुणाकडे होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. पण प्रेम हा कायद्यात बचाव नाही, आणि रील हा तर आयताच पुरावा ठरतो.

मग हेमलकशाला परवानगी कशी?

गडचिरोलीतल्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे बिबटे, अस्वले, हरणे राहिली, मग इतरांना का नाही, असाही प्रश्न विचारला जातो. तिथली सुरुवात शिकारीत आई गमावलेल्या माकडाच्या पिल्लापासून झाली. पुढे त्या अनाथालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागली. मान्यता म्हणजे मोकळीक नव्हे. प्राण्यांना थेट हाताळण्यावरून याच प्राधिकरणाने आमटे यांच्या प्रकल्पालाही नोटीस दिली होती. मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या माणसालाही नियम लागू होतो, मग ओसरीतल्या पिंजऱ्याला तो लागू होणारच.

विदेशी पक्ष्यांचे गणित निराळे. ज्यांना आपण सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते छोटे रंगीत बजरीगर आणि कॉकाटील पाळता येतात. आफ्रिकन ग्रेसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या पक्ष्याची मात्र 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदार पहाडी पोपट 'विदेशी' म्हणून विकत असेल तर ती फसवणूक आहे. तो इथलाच आहे आणि संरक्षित आहे.

घरात पोपट आहेच, तर आता काय?

पहिली गोष्ट, घाबरून पिंजऱ्याचे दार उघडू नका. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, त्याला अन्न शोधता येत नाही आणि मांजर-कावळ्याची भीतीही उरलेली नसते. असा पक्षी बहुतेकदा दोन-चार दिवसांत मरतो.

वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. नाचणगाव परिसरातल्या लोकांसाठी वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पण पक्षी परस्पर तिथे नेण्याआधी वनविभागाला सांगितलेले बरे, म्हणजे तो कुठून आला याची नोंद होते. स्वतःहून आणून दिला तर आपोआप माफी, असे कलम कायद्यात नाही. तरीही वनविभागच वेळोवेळी असे पक्षी जमा करण्याचे आवाहन करतो. छाप्यात सापडणे आणि आपणहून कळवणे यांत फरक राहतोच.

पोपट सोपवताना तो किती वर्षांपासून घरात आहे, काय खातो, पंख कधी छाटले होते का, हे खरे खरे सांगावे. त्यावरूनच ठरते की त्याला उडायला शिकवून रानात सोडायचे, की उरलेले आयुष्य मोठ्या जाळीघरात ठेवायचे.