पर्जन्यमापन, जालना जिल्हा

पडलेल्या पावसाची जमिनीवरील उंची ठरवण्याची पद्धत. जिल्ह्याची (स्थापना 1 मे 1981) वार्षिक सरासरी साधारण 650 ते 750 मिमी. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके मुख्यतः याच पावसावर येतात.

प्राचीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ वादग्रस्त) कोठारासमोर अरत्नीभर (सुमारे हातभर) तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे. प्रदेशवार प्रमाणे द्रोण या मापात आहेत : अवंती 23, जांगल प्रदेश 16, अश्मक साडेतेरा (काहींच्या मते साडेबारा). अश्मक गोदाखोऱ्यातले, त्यात जिल्ह्यातील अंबड-घनसावंगीचा गोदाकाठ येत होता का, हे निश्चित नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर व्यासाचे गोल पात्र सांगितले आहे.

चिनी गणित : भारतीय ग्रंथ पात्रात साठलेल्या पाण्याचे माप देतात. त्यावरून जमिनीवरील उंची काढण्याचे गणित छिन ज्यूशाओ याच्या 1247 मधील ‘शूशू ज्यूचांग’ या ग्रंथात सोडवलेले आढळते. त्याचे पात्र वर रुंद, खाली निमुळते : तोंडाचा व्यास 28 त्सुन (लांबीचे चिनी एकक), बुडाचा 12, खोली 18, पाणी 9 त्सुन चढले. पाण्याच्या पातळीवरचा व्यास 20 येतो. बुडाचा वर्ग 144, पातळीचा 400 आणि दोन्ही व्यासांचा गुणाकार 240, मिळून 784. याला 9 ने गुणून 3 ने भागल्यास 2352; तोंडाच्या वर्गाने, म्हणजे 784 ने भागले की 3. पात्रात 9 त्सुन पाणी असले तरी जमिनीवर पाऊस 3 त्सुनच पडला. छिन्नशंकूच्या घनफळाची ही रीत चिनी गणितात आधीपासून होती. ती पावसाला लावणे हे छिनचे मोठे काम. बर्फाच्या मोजणीचीही उदाहरणे त्याने दिली आहेत.



आधुनिक काळ : भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना 1875 ची. सायमन्स पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास 127 मिमी. त्यामुळे 1 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 12.7 मिली पाणी. नोंद सकाळी साडेआठला होते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीहून अधिक पाऊस नोंदला गेल्यास अतिवृष्टी धरतात आणि पीकनुकसानीची मदत बहुधा त्यावर अवलंबून असते. ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारली गेली. मात्र एका मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाची सर एक शिवार भिजवून शेजारचे कोरडे ठेवते. अशा पावसाला मंडळात एकच मापक अपुरा पडतो.