औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि सूर्यनमस्कार

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी प्रथम काही वर्षे सँडोच्या पाश्चात्त्य पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि तो नेम त्यांनी अखेरपर्यंत चालविला. राज्यकारभार, चित्रकला व कीर्तन यांत गुंतलेल्या पुरुषाला साधनांवाचून, सतरंजीएवढ्या जागेत उरकणारा व्यायाम सोयीचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. मात्र संस्थानातील शाळांतून तो सक्तीचा होताच त्याचे स्वरूप पालटले. जी स्वदेहाची स्वेच्छेने घेतलेली काळजी होती, तिचे आज्ञापालन झाले. १९३९ च्या राज्यघटनेने प्रजेच्या हाती सत्ता सोपविणाऱ्या राजाने मुलांच्या व्यायामाबाबत मात्र एवढी मुभा ठेवू नये, हा विरोध वरवरचा नव्हे. प्रजेचे आरोग्य हे त्यांना कारभाराचेच एक खाते वाटत असावे.