वीज, ईज आणि लाइट : भंडारा जिल्ह्यातील एका शब्दव्यवहाराचा इतिहास

परभाषेतून आलेला शब्द मूळ शब्दाला हुसकावून लावतो, अशी एक समजूत भाषाविषयक चर्चेत रूढ आहे. वादळवाऱ्याच्या शब्दांचा भंडारा जिल्ह्यातील इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे.

इंग्रजीत आकाशातल्या विजेला 'लाइटनिंग' म्हणतात. तो शब्द 'लाइट', म्हणजे उजेड, यापासून सिद्ध झाला. 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द सतराव्या शतकातला. त्याचे मूळ अंबर या पदार्थाच्या ग्रीक नावात आहे. ही दोन नावे पडली तेव्हा दोन्हींचे तत्त्व एकच आहे, हे सिद्ध झालेले नव्हते. बेंजामिन फ्रँकलिनचे प्रयोग 1752 च्या सुमाराचे. मराठीपुढे नामकरणाचा प्रश्न आला तो या शोधानंतर. त्यामुळे 'वीज' या जुन्याच शब्दावर नवा अर्थ लादणे मराठीला सहज शक्य झाले. इंग्रजीने जे दोन शब्दांत विभागले ते मराठीने एकात सामावले.

मात्र ही मराठी कोणत्या प्रदेशाची होती, हेही पाहिले पाहिजे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली, त्याची दुसरी आवृत्ती 1857 साली आणि मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली सिद्ध झाला. हे काम मुंबई इलाख्यातले. त्याची दृष्टी मुख्यतः देश आणि कोकण यांकडे होती. भंडारा त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य 1854 साली खालसा झाले, जिल्हा पुढे मध्यप्रांतात गेला आणि 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द ठरत होते तेव्हा झाडीपट्टीची बोली त्या व्यवहाराच्या बाहेरच होती. विदर्भातील बोलींत शब्दारंभीच्या 'इ-ई'पूर्वीचा 'व' बहुधा लोपतो. विहिरीची 'इहीर' होते, तशी विजेची 'ईज'. हे रूप प्रमाणभाषेत अशुद्ध ठरले.

तारांतून वीज गावोगाव आली तेव्हा शासकीय मराठीने 'वीज' आणि 'विद्युत' हे शब्द वापरले. लोकांनी मात्र 'लाइट' म्हटले. लाइट येते, लाइट जाते, लाइटचे बिल भरावे लागते. येथे एक विलक्षण उलटापालट घडली. ज्या 'लाइट'पासून इंग्रजीत आकाशातल्या विजेचे नाव निघाले, तोच शब्द मराठी खेड्यात तारेतल्या विजेचे नाव झाला. त्यामुळे 'ईज' हा शब्द तारेपासून मोकळा राहून आकाशाकडेच राहिला. प्रमाणभाषेने जे एकत्र केले होते, ते बोलीने एका उसन्या शब्दाच्या साहाय्याने पुन्हा वेगळे केले. उसना शब्द येथे मूळ शब्दाचा रक्षक ठरला.

वादळाच्या शब्दांची गोष्ट निराळी आहे. 'सायक्लोन' ही संज्ञा हेन्री पिडिंग्टन याने कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली; 'चक्रीवादळ' हे तिचे मराठी रूप. 'कमी दाबाचा पट्टा' हाही असाच घडवलेला प्रयोग. बंगालच्या उपसागरातील असे पट्टे भंडाऱ्याच्या धानाला पाणी देतात, पण शब्द आले ते पाठ्यपुस्तकांतून आणि आकाशवाणीवरून. याउलट 'विजांचा कडकडाट' या प्रयोगाची घडण मराठीची आहे. इंग्रजीत 'थंडर' हे स्वतंत्र नाम. मराठीत गडगडाट ढगांचा, कडकडाट विजेचा. इंग्रजीत वीज प्रहार करते, मराठीत ती पडते.

हा भेद केवळ अलंकाराचा नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करणाऱ्या बायांना धोक्याची सूचना वेळेवर आणि कळेल अशा शब्दांत मिळणे, हा जिवाचा प्रश्न आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे जे मोबाइल अॅप तयार केले, त्याचे नाव 'दामिनी' आहे. नाव देखणे आहे; पण सौदामिनी, चपला, तडित् यांच्या पंक्तीतला तो काव्यभाषेचा शब्द आहे. बांधीतून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून घराकडे माणसाला पळवते ती ओळखीची हाक. ज्या 'ईज'ला प्रमाणभाषेने अशुद्ध ठरवले, तिच्यातच ती हाक शिल्लक आहे.